घडी घातलेलं पान

दौंड,
१८ जुलै २००४

तीर्थरूप बाईंना,
हर्षदाचा नमस्कार.

पाकिटावर पिनकोड नाही म्हणजे पत्र कुणाचं हे तुम्ही उघडायच्या आधीच ओळखलं असणार. मला दौंडला शिक्षणसेवक म्हणून लागून वर्ष झालं. शाळा स्टेशनच्या पलीकडे आहे. निम्मी मुलं रेल्वेवाल्यांची, निम्मी आसपासच्या वस्त्यांवरची. यंदा सातवी माझ्याकडे दिली आहे, आणि बाई, मी तुमची ध्यासवही सुरू केली.

नववीत तुम्ही आम्हाला सांगितलं होतंत तसंच मी सांगितलं. पुस्तकाबाहेरची एक गोष्ट निवडायची, जी वर्षभरात आपल्याला यायला हवी. एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी, शेवटच्या तासाला, तीनच गोष्टी लिहायच्या. काय केलं, काय जमलं नाही, आणि काय टाळलं. बाई गुण देणार नाहीत, शाबासकीही देणार नाहीत. पानाखाली पेन्सिलीने एक प्रश्न लिहितील, त्याचं उत्तर पुढच्या वेळी. जे पान कुणी वाचू नये असं वाटेल ते उभं दुमडून ठेवायचं. त्याच्या पाठीवर बाई तारीख टाकतील, सही करतील, पण उघडणार नाहीत. आणि वर्ष संपलं की वही ज्याची त्याला.

दुमडायचा नियम सांगितला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, खरंच उघडणार न्हाई?" मी म्हटलं, माझ्या बाईंनी एकोणतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही उघडलं नाही. तुमच्या नावावर माझं काम झालं बघा.

आता ध्यास ऐका. एकाला नुसत्या आवाजावरून ओळखायचंय की येणारी गाडी मालगाडी आहे की पॅसेंजर. काय टाळलं, तर "आईने दळण आणायला सांगितलं ते". एकीला भाकरी फुगवायची आहे. तिने लिहिलंय, "आजी म्हणते लग्नापर्यंत फुगेल, पण मला दिवाळीपर्यंत हवी." मी एक तक्ता केलाय, प्रत्येक मुलाच्या नावापुढे तारीख, मी विचारलेला प्रश्न आणि त्याला उत्तर आलं की नाही. दुमडलेलं पान असलं की नुसता 'घ' लिहिते, घडीचा. तुमच्या तक्त्यातही 'घ'च असायचा ना?

एक अडचण आहे. कस्तुरा नावाची मुलगी आहे, आजीचं नाव ठेवलंय तिला. तिचा ध्यास रांगोळीचा. पण पहिल्या पानापासून ती घडीच घालते. तिन्ही वेळा 'घ'. माझा हात शिवशिवतो. असं झालं की तुम्ही काय करत होतात?

तुमच्या भाचीची खुशाली मात्र कळवू नका. नऊ वर्षं झाली, पण तो विषय मला अजून नको वाटतो.

तुमची,
हर्षदा


शिरूर,
४ ऑगस्ट २००४

चि. हर्षदा हिस,
मरियम साळवेचा सलाम.

तुझं पत्र मिळालं. आमचा पिनकोड वर लाल शाईने लिहिला आहे, तो पाठ कर. सातवीच्या वर्गाला पत्ता लिहायला तूच शिकवणार आहेस, तेव्हा देवच त्यांना राखो.

तू वही सुरू केलीस याचा आनंद झाला. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, कुणी हे पुढे चालवील असं वाटलं नव्हतं. तक्ता चांगला केला आहेस. फक्त एक लक्षात ठेव, प्रश्नाला उत्तर आलं नाही तर तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नाही. प्रश्न चुकला असं धरायचं आणि दुसरा शोधायचा.

कस्तुराचं विचारलंस. तीन घड्या म्हणजे मूल कुठेतरी अडलं आहे, नाहीतर तुझी परीक्षा बघतं आहे. दोन्हींत थांबायचंच असतं. नियम करणं सोपं असतं गं, थांबणं फार अवघड असतं. हे मी तुम्हा मुलांना कधी सांगितलं नाही.

आणि ते एकोणतीस वर्षांचं वर्गात सांगत जाऊ नकोस. माणसाच्या नावावर नियम चालवू नये. माणसं म्हातारी होतात, मोतीबिंदू होतात, विसरतात. माझाही डावा डोळा पिकला आहे, दिवाळीच्या सुमारास शस्त्रक्रिया करायची ठरते आहे.

तू नको म्हणालीस तरी लिहिते. स्वीटी पुण्यात नर्स आहे. माझ्या भावाची, दावीदची एकुलती एक पोर, आणि मला सांभाळते ती तीच. तुझी आठवण काढते. नऊ वर्षं पुष्कळ झाली, हर्षदा.

मरियम साळवे


दौंड,
१२ सप्टेंबर २००४

तीर्थरूप बाईंना,
हर्षदाचा नमस्कार.

या वेळी पिनकोड घातला आहे, आणि गरजेपोटी लिहिते आहे.

आमचे मुख्याध्यापक सोपानराव मनाने वाईट नाहीत, पण कागदाला घाबरतात. जानेवारीत तपासणी आहे. ध्यासवह्या त्यांना आवडल्या, इतक्या की त्या साहेबांपुढे मांडायच्या म्हणतात. अभ्यासेतर उद्दिष्टं, मुलांचं आत्मपरीक्षण, सगळं कसं लेखी आहे. पण दुमडलेली पानं पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "बाई, झाकलेलं कसलं मूल्यमापन? साहेबांनी इचारलं आत काय हाय, तर काय सांगू, घडी?" मी सगळी पानं उघडून वाचावीत आणि गोषवारा द्यावा असं त्यांचं म्हणणं आहे. मी नाही म्हटलं. दोन वर्षांनी मला कायम करायचं की नाही हे त्यांच्या शेऱ्यावर ठरणार, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

मग मी तुमचं नाव घेतलं. तर म्हणाले, तसं त्यांच्याकडून लेखी आणा. म्हणून दोन गोष्टी मागते आहे. एक, तुमच्या सहीचा दाखला, की इतकी वर्षं घडीचा नियम पाळून ही पद्धत चालली आणि मुलांचं भलं झालं. दुसरी, माझी नववीची वही. मी वर्षाच्या मध्येच शाळा सोडली, त्यामुळे ती तुमच्याकडेच राहिली. तिच्यात माझी तीन दुमडलेली पानं आहेत. सोपानरावांपुढे ठेवून म्हणेन, ही बघा, नऊ वर्षं झाली, बाईंनी उघडली नाहीत.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी एकदा लिहूनच टाकते. माझा ध्यास पेटीचा होता. मुलींच्या वसतिगृहात राहत होते मी, आणि दर शनिवारी स्वीटी मला तुमच्या चर्चमधल्या पायपेटीवर शिकवायची. हे कवठ्याला घरी माहीत होतं. आबा म्हणाले होते, वाद्याला कुठं जात अस्ती. पण त्या वर्षी नाताळच्या उपासनेत मी पुढे उभी राहून पेटी वाजवणार होते आणि गाणार होते, हे घरी सांगितलं नव्हतं. ते फक्त स्वीटीला माहीत होतं आणि माझ्या दुमडलेल्या पानाला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आबा जीप करून आले. ओरडले नाहीत. ट्रंक उचलली आणि एवढंच म्हणाले, "पोरी, गायाचंच व्हतं तर आपल्या येमाईम्होरं गायाचं. लोकं काय म्हन्तील ते तुला कळाय पायजे व्हतं." कुणी सांगितलं विचारलं, तर म्हणाले, "तुझ्या मायेच्या मान्सानंच सांगितलं." मायेचं माणूस म्हणजे कोण, हे मला विचारावंच लागलं नाही.

बसस्टँडजवळ जीप थांबली होती तेव्हा स्वीटी धावत आली, गाण्यांची वही द्यायला. ती वही मी तिच्या अंगावर फेकली आणि सगळ्या स्टँडसमोर तिला चहाडखोर म्हटलं. तुम्ही तिच्या मागेच उभ्या होतात, माझी राहिलेली पिशवी हातात धरून. पुढे दीड वर्ष मी घरी होते. दहावी, बारावी बाहेरून केली, डी.एड. केलं. पेटीला पुन्हा हात लावला नाही. त्या सगळ्यात एकच गोष्ट धरून राहिले होते, की माणसांनी दगा दिला तरी एक वही होती जिने दिला नाही. मी शिक्षिका झाले ती त्यामुळे, बाई.

तेव्हा दाखला आणि वही, दोन्ही लवकर पाठवा.

हर्षदा


शिरूर,
५ ऑक्टोबर २००४

चि. हर्षदा हिस,
मरियम साळवेचा सलाम.

उत्तराला उशीर झाला. डोळ्याने लिहायला त्रास होतो.

दाखला सोबत जोडला आहे. शाळेच्या जुन्या शिक्क्याची गरज पडू नये, माझी सही पुरेल. त्यात लिहिलं आहे की एकोणतीस वर्षे ध्यासवहीचा उपक्रम चालवला व विद्यार्थ्यांनी घडी घातलेली पाने कधीही उघडली नाहीत. तुझ्या मुख्याध्यापकांना एवढ्यावर भागवायला सांग.

तुझी वही मात्र पाठवता येत नाही. मागच्या पावसाळ्यात ट्रंकेला वाळवी लागली, जुन्या वह्या बऱ्याचशा गेल्या. तुझीही त्यांत होती. वाईट वाटून घेऊ नकोस.

मागचं फार उगाळत बसू नये. तू आज पायावर उभी आहेस, हे मोठं आहे. कस्तुराने घडी उघडली का?

मरियम साळवे


दौंड,
२४ ऑक्टोबर २००४

तीर्थरूप बाईंना,
हर्षदाचा नमस्कार.

दाखला पोचला. सोपानरावांनी दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि फाईलला लावला. म्हणाले, बघू. त्यांच्या तोंडून 'बघू' म्हणजे अर्धा होकार असतो.

मी तो वर्गातही वाचून दाखवला. तुम्ही नको म्हणाला होतात, पण राहवलं नाही. वाचून झाल्यावर कस्तुरा डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली. तिची घडी अजून आहे, पण या वेळी पान नीट, कडेला कड जुळवून दुमडलं होतं. एरवी कसंही कोंबून दुमडलेलं असायचं.

वहीचं ऐकून वाईट वाटलं. वाळवीनेच खाल्ली, कुणी वाचली नाही, हेही काही कमी नाही म्हणायचं. डोळ्याचं काय ठरलं ते कळवा. दिवाळीची मिठाई पाठवत नाही, तुम्हाला साखर आहे.

हर्षदा


पुणे,
१४ नोव्हेंबर २००४

हर्षदा,

अक्षर ओळखणार नाहीस, म्हणून आधीच सांगते, मी स्वीटी. पत्र न वाचता फेकायचं असेल तर फेक, पण सोबतचं पुडकं फेकू नको.

आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन परवा झालं. तिला महिनाभर माझ्याकडे ठेवायची म्हणून मी शिरूरहून तिचे कपडे आणायला गेले होते. ट्रंकेत तळाशी लुगड्यांच्या खाली तुझी नववीची वही सापडली, वेगळ्या कापडात बांधलेली. बाकी मुलांच्या वह्या ती दरवर्षी परत द्यायची, ही एकच राहिली होती. आत्याला विचारलं नाही. डोळ्याला पट्टी आहे, आणि विचारलं तर ती 'राहू दे' म्हणेल असं वाटलं. वही तुझी आहे, तुझ्याकडे असावी. पत्ता तुझ्या पत्रांवरून घेतला, पत्रं वाचली नाहीत.

वहीतली दुमडलेली पानं मी उघडली नाहीत. त्याचा अर्थ मला ठाऊक आहे, मीही आत्याच्याच वर्गात होते.

आणखी एक. मी तेव्हा कुणालाही काही सांगितलं नव्हतं. तू ऐकून घेतलं नव्हतंस. आता तरी ऐकशील असं म्हणत नाही, पण एकदा लिहून ठेवायचं होतं.

स्वीटी


दौंड,
२८ नोव्हेंबर २००४

मरियम साळवे बाईंना,

वाळवीने खाल्लेली वही मला मिळाली. स्वीटीने पाठवली. तिच्यावर रागावू नका, तिला वाळवीचं माहीत नव्हतं.

कोपरासुद्धा कुरतडलेला नाही, बाई. तिन्ही घड्या जागच्या जागी, पाठीवर तारीख, तुमची सही. वही हातात धरून मी आधी रडले. मग विचार केला, पानं माझीच आहेत, मी तर उघडू शकते.

पहिली दोन उघडली. त्यांत काही नाही, सुरांची रड आहे आणि वसतिगृहातल्या एका मुलीचा राग आहे. तिसरं उघडलं. पंचवीस नोव्हेंबर पंच्याण्णव. मी लिहिलं होतं, "काय टाळलं: नाताळला चर्चमध्ये गाणार आहे हे आबांना सांगणं टाळलं. ते नाही म्हणतील असं नाही, पण म्हणाले तर काय करायचं हे मला ठरवता येत नाही." आणि त्याच्या खाली, पेन्सिलीने, तुमच्या अक्षरात: "घरी विचारण्याचे धैर्य कधी करणार?"

नऊ वर्षांत पेन्सिल पुसट झाली आहे, पण तुमचा 'ध' मी कुठेही ओळखेन. वाचलेल्या पानाखाली प्रश्न लिहायची तुमच्या हाताची सवय. वाचायचं नव्हतं ते वाचलंत, आणि सवयीने प्रश्नही लिहून गेलात.

तरी मी मनाला समजावत होते. म्हटलं, वाचलं असेल, सांगितलं नसेल. म्हणून परवा कवठ्याला जाऊन आबांपुढे वही ठेवली. त्यांना वाचता येत नाही, पण वही ओळखली. बराच वेळ शेंगा फोडत बसले. मग म्हणाले, "बाईंनी शपथ घातली व्हती. म्हनल्या, मल्हारीराव, पोरीला माझं नाव कळू देऊ नका, तिचा माझ्यावरचा इस्वास जाईल." मी विचारलं, आबा, मीच येऊन विचारलं असतं तर? म्हणाले, "तर म्या व्हय म्हनलो असतो का न्हाई, ते मला आजबी ठावं न्हाई. पन तू इचारलं असतंस तर म्या तुला शाळंतनं काढली नसती. दुसऱ्याच्या तोंडून आईकलं की बापाचं डोकं फिरतं."

प्रश्न चांगला होता, बाई. तुमचे सगळेच प्रश्न चांगले असायचे. वही मला परत दिली असतीत, तर तो मी वाचला असता आणि शनिवारी घरी जाऊन विचारलं असतं. प्रश्न मला लिहिलात आणि उत्तर आबांकडून घेतलंत.

माझा विश्वास जाईल म्हणून शपथ घातलीत. मग स्वीटीवरचा गेला तो? स्टँडवर मी तिला नाही नाही ते बोलले, तेव्हा तुम्ही चार हातांवर उभ्या होतात. तुमची सख्खी भाची. तुमच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. तुम्ही पिशवी जीपमध्ये ठेवलीत आणि मला म्हणालात, नीट जा. मी तुमच्या पाया पडले होते.

आणि आता हा दाखला. मी तो चाळीस मुलांपुढे वाचला आहे. मला खोटं बोलायला लावलंत, तेही मी स्वतः मागून घेतलं.

का उघडलंत, एवढंच कळवा. प्रश्न एकच आहे, तुमच्याच पद्धतीने.

हर्षदा मल्हारी ठोंबरे


पुणे,
१७ डिसेंबर २००४

हर्षदा,

आशीर्वाद लिहायचा हक्क राहिला नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते. अक्षर वेडंवाकडं आलं तर डोळ्यामुळे आहे.

मी तुझ्या काळजीने ते पान उघडलं, असं नऊ वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मी माझ्या काळजीने उघडलं. त्या महिन्यात शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य माझ्या कानावर आलं होतं, "साळवेबाई शनिवारच्या कुणाकुणाच्या पोरींना कुठं नेतात, ते बघाय पायजे." बोलणारा हसत होता. मी त्या शाळेत बावीस वर्षं काढली होती. सगळ्यांच्या घरी हळदीकुंकवाला जात होते, माझ्या घरचा नाताळचा फराळ सगळे खात होते. आणि एका वाक्याने मला कळलं की मी अजून परकीच आहे. तू चर्चमध्ये शिकतेस हे मला ठाऊक होतं, मीच परवानगी दिली होती. त्यात तुझ्या लागोपाठ तीन घड्या. वाटलं, आत काहीतरी आहे ज्याने माझी नोकरी जाईल.

आत तर एका प्रामाणिक मुलीची अडचण होती. ती वाचून मला बरं वाटलं, हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. प्रश्न लिहिला आणि मग लक्षात आलं की आता ही वही तुला परत देता येणार नाही. खोडता आला असता, पण खोडल्याची खूण राहते. मुलांना मीच ते शिकवलं होतं.

नाताळला तू पुढे उभी राहिलीस तर गावभर बोभाटा होईल, तो माझ्यावर येईल, म्हणून तुझ्या वडिलांना बोलावलं. मला वाटलं, ते तुला फक्त नाताळला जाऊ देणार नाहीत. शाळा सोडवतील असं वाटलं नव्हतं. पण ते ट्रंक घेऊन निघाले तेव्हा मी त्यांना थांबवलंही नाही.

स्टँडवर तू स्वीटीला बोललीस, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं होतं. चौथ्यांदा राहू देते.

दाखला लिहिताना हात कापला नाही. त्याचंच आता भय वाटतं.

काल स्वीटीला सगळं सांगितलं. तिने माझ्या डोळ्यात वेळेवर थेंब घातले आणि ड्युटीला गेली. आज सकाळी पुन्हा थेंब घातले. अजून बोललेली नाही.

तू विचारलंस ते लिहिलं. क्षमा मागत नाही, कारण मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल.

मरियम


दौंड,
९ जानेवारी २००५

मरियम बाईंना,

दाखला सोपानरावांच्या फाईलमधून काढून घेतला. सोबत परत पाठवते आहे, तुमची वस्तू तुमच्याकडे.

त्यांना खरं काय ते सांगितलं. म्हटलं, माझ्या बाईंनी एकदा उघडलं होतं, आणि काय झालं ते तुमच्यासमोर उभं आहे. ते म्हणाले, मग आता तुम्ही कुणाच्या नावावर सांगणार? मी म्हटलं, कुणाच्याच नाही.

मग वर्गात सांगितलं. तुमचं नाव घेतलं नाही, पण मुलं खुळी नाहीत. सगळे वह्यांवर हात ठेवून बसले. कस्तुरा उभी राहिली आणि म्हणाली, "मंग तुम्ही बी उघडणार." दोन महिने आधी मी तुमचं नाव सांगितलं असतं. शेवटी वह्याच वाटून टाकल्या. म्हटलं, घरी ठेवा, शनिवारी लिहा, दाखवावंसं वाटलं तर आणा. माझ्याकडे आता नुसता तक्ता आहे आणि त्यात बहुतेक ठिकाणी रेघ.

सोपानरावांनी मेमो दिला, उपक्रमाच्या नोंदी कार्यालयात ठेवल्या नाहीत म्हणून. तपासणी गुरुवारी झाली. साहेबांनी पाण्याची टाकी पाहिली, पोहे खाल्ले आणि गेले. वह्यांचं कुणी विचारलं नाही. मेमो मात्र फाईलला लागला, दोन वर्षांनी कायम करायच्या वेळी वर निघेल.

काल कस्तुरा स्वतः वही घेऊन आली आणि पानं उघडून दाखवली. रांगोळीचं नाटक होतं. ती शिट्टी वाजवायला शिकते आहे. मुलीने शिट्टी वाजवली तर आजी मारेल म्हणून घडी. माझ्यापुढे वाजवूनही दाखवली, चांगली वाजवते. थांबलं की असं असतं, बाई. तुम्हीच लिहिलं होतंत.

स्वीटी गेल्या रविवारी पॅसेंजरने आली होती. फलाटावरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, नऊ वर्षं मी तुझ्यावर चिडले होते, आता आत्यावर चिडायला नव्याने सुरुवात करावी लागणार. मग विचारलं, बोटं आठवतात का? मी म्हटलं, नाही. तिने बाकावर सा रे ग म धरून दाखवलं. माझी बोटं तिच्या मागे गेली, पण मन गेलं नाही.

सोबत एक पान आहे. उभी घडी घातली आहे. आत तिन्ही गोष्टी लिहिल्या आहेत, काय केलं, काय जमलं नाही, काय टाळलं. विषय तुम्ही आहात. नियम तुम्हाला ठाऊक आहे.

हर्षदा


शिरूर,
२० फेब्रुवारी २००५

हर्षदा,

मी शिरूरला परत आले. स्वीटी पोचवून गेली, जाताना दोन शब्द बोलली.

तुझं पान महिनाभर टेबलावर होतं. पाठीवर तारीख टाकली आहे, सही केली आहे. आत काय आहे ते मला माहीत नाही. माहीत व्हावं असं रोज वाटतं.

वर्ष संपत आलं. वही ज्याची त्याला, म्हणून पान परत पाठवते आहे.

मरियम


दौंड,
६ मार्च २००५

बाई,

पान मिळालं. तारीख आहे, सही आहे, घडी मी घातली होती तशीच आहे.

मी ते उघडून खाली पेन्सिलीचा प्रश्न आहे का ते पाहिलं. नव्हता. खिडकीपाशी नेऊन खोडल्याची खूण शोधली. तीही नव्हती. या वेळी तुम्ही नियम पाळलात.

पण मी पाहिलं. आधी पाहिलं नसतं. तेवढं तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहिलं.

हर्षदा